घरात आधीच जनावर असताना

रस्त्यावरून उचललेले, अपघातातून वाचलेले किंवा कुणीतरी सोडून दिलेले कुत्रे आधीच मांजर, कोंबड्या, शेळी किंवा दुसरे कुत्रे असलेल्या घरात द्यावे की नाही, हे दोन गोष्टींवर ठरते. समोरच्या प्राण्यावरची नजर ते कुत्रे आपणहून काढून घेते का, ही पहिली. दोन प्राण्यांना काही आठवडे एकमेकांपासून वेगळे ठेवणे त्या घराला जमणार आहे का, ही दुसरी. पहिलीची चर्चा भरपूर होते. दुसरी बहुतेकांना पहिल्या भांडणानंतर सुचते. कल्याणजवळच्या मोहने परिसरात कुत्र्यांना घर शोधून देताना ही दुसरी गोष्टच जास्त वेळा निर्णायक ठरते.

मोहने हे उल्हास नदीकाठचे गाव, आता कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत. जवळची स्थानके शहाड आणि आंबिवली. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एनआरसी, हा इथला मोठा कारखाना; त्याच्याभोवती कामगार वसाहत उभी राहिली आणि २००९ साली कारखाना बंद पडला. त्यामुळे इथे घरांचे तऱ्हेतऱ्हेचे नमुने शेजारीशेजारी सापडतात. गावठाणातल्या बैठ्या घरांपुढे कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात आणि संध्याकाळी खुराड्यात जातात. चाळीतल्या खोलीला एकच दार असते आणि ते उजाडल्यापासून रात्रीपर्यंत उघडे. नव्या इमारतींत दारे पुष्कळ, पण अंगण नाही. कुत्रा तोच असला तरी या तीन घरांत त्याच्याबद्दलचे उत्तर तीन प्रकारचे येऊ शकते.

मुळात प्रत्येक भटक्या कुत्र्याला घराची गरज नसते. कानाला खाच असलेले, म्हणजे नसबंदी झालेले, गल्लीत रुळलेले आणि दोन-चार घरांतून खायला मिळणारे कुत्रे बहुधा आहे तिथेच बरे असते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसारही नसबंदी आणि लसीकरणानंतर कुत्रे जिथून उचलले तिथेच सोडायचे असते. घराची गरज असते ती पाय गमावलेल्याला, दृष्टी गेलेल्याला, आई नसलेल्या पिल्लाला, आणि माणसाच्या घरात वाढून अचानक रस्त्यावर आलेल्याला.

या शेवटच्या प्रकाराबद्दल मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटते, लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड घरात वाढलेला, म्हणजे तो सगळ्यांशी जुळवून घेईल. गावठी कुत्रे मात्र कोंबडी दिसली की धरणार. अनुभव अनेकदा उलटा येतो. अमेरिकेतल्या बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर दीर्घकाळ काम केले आणि १९६५ साली ते पुस्तकरूपाने मांडले. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्या सहवासात राहते त्यांना ते आपल्या जगातले धरून चालते, हा त्यातला मुद्दा नंतर सर्वत्र मान्य झाला. धनगर हे फार आधीपासून जाणतात; त्यांची कुत्री मेंढरांच्या कळपातच वाढतात. मोहन्याच्या गावठाणात जन्मलेल्या पिल्लाने डोळे उघडल्यापासून कोंबडी पाहिलेली असते, तिची चोच खाल्लेली असते आणि तिच्या मागे धावल्याबद्दल कुणाची तरी चप्पलही खाल्लेली असते. चौथ्या मजल्यावर वाढलेल्या लॅब्राडोरला कोंबडी म्हणजे फडफडणारे खेळणे. हौसेने आणलेला आणि नंतर नकोसा झालेला कारवान जातीचा कुत्रा तर पिढ्यानपिढ्या सशामागे धावण्यासाठीच जोपासलेला. म्हणून कुत्रे कुठल्या जातीचे याच्या आधी ते कुठे आणि कुणाबरोबर वाढले हे विचारावे. विचारायचे ते गल्लीतल्या दुकानदाराला, मासळी विकणाऱ्या मावशींना, रात्री खायला घालणाऱ्यांना. ते कुत्रे मांजरांच्या मागे लागते का, आपल्या ताटलीवर दुसऱ्याला येऊ देते का, याची माहिती या लोकांकडे असते आणि ती कोणत्याही चाचणीपेक्षा भरवशाची असते.

स्वभावाआधी तब्येत पाहावी लागते, आणि इथे घाई करण्यात अर्थ नसतो. नवे कुत्रे घरातल्या प्राण्यांपासून निदान दोन आठवडे पूर्ण वेगळे ठेवावे. पार्व्होची लक्षणे संसर्गानंतर दोन आठवड्यांच्या आत दिसतात. डिस्टेंपरला याहून जास्त काळ लागू शकतो, तेव्हा डॉक्टर सांगतील तितके थांबावे. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाईलला दाद देत नाही. त्याला ब्लीचच लागते. ज्या घरात पार्व्होने पिल्लू दगावले आहे तिथे लस पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू देऊ नये, घरचे कितीही गळ घालोत. गोचीड, खरूज आणि जंत यांचे उपचार आधी उरकावेत. खरूज घरातल्या माणसांनाही खाज सुटवते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोची भीती असते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयापासून देता येते आणि घरातल्या कुत्र्या-मांजरांचीही ती झालेली आहे की नाही हे कार्ड पाहूनच मान्य करावे. ‘हो, दिली होती मागे कधीतरी’ हे उत्तर चालत नाही.

तब्येतीचा आणि वागण्याचा संबंधही लक्षात ठेवण्यासारखा आहे. गाडीखाली आलेले, कंबर दुखावलेले कुत्रे पिंजऱ्यात पडून असते तेव्हा त्याच्या अंगावरून मांजर गेले तरी ते मान उचलत नाही. पाहणारा म्हणतो, किती गरीब आहे बिचारे. महिन्याभराने पायांत बळ आल्यावर तेच कुत्रे त्याच मांजराला कपाटावर चढवते. उलटही घडते: कान सडलेला, दात दुखणारा कुत्रा कुणालाही जवळ येऊ देत नाही आणि दुखणे गेले की निवळतो. दोन्ही वेळा दिसला तो आजार; स्वभाव दिसलाच नव्हता.

धास्तावलेल्या कुत्र्याचेही तसेच. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मायकल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निवाऱ्यात नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या रक्तातले कॉर्टिसॉल पहिले तीन दिवस घरच्या कुत्र्यांच्या मानाने कितीतरी जास्त आढळले. कोपऱ्यात अंग चोरून बसलेले कुत्रे शांत नसते, गोठलेले असते. उल्हास नदीला २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत मोठे पूर आले. अशा पुरात एकाच उंचवट्यावर अडकलेली कुत्री आणि मांजरे एकमेकांना हात लावत नाहीत, आणि तशी छायाचित्रे पाहून लोक हेलावतात. पाणी ओसरल्यावर हा तह टिकत नाही. पुरातून आलेल्या कुत्र्याबद्दल पहिल्या आठवड्यात दिलेला कोणताही शब्द कच्चाच समजावा. दिवाळीच्या फटाक्यांत आणि गणपतीच्या ढोल-ताशांतही पारख करू नये, आणि शक्यतो या दिवसांत नवे कुत्रे घरी नेऊच नये.

कुत्रे खाऊ-पिऊ लागले, पाय पसरून झोपू लागले, की पारखेला सुरुवात करता येते. घरात आधीचे कुत्रे असेल तर दोघांना समोरासमोर आणणे हा सर्वांत वाईट मार्ग आणि तोच सर्वाधिक वापरला जातो: दारात नवा, आत जुना, मध्ये ताणलेली साखळी आणि भोवती हाका मारणारी पाच माणसे. योग्य रीत म्हणजे दोन माणसांनी दोन कुत्र्यांना घेऊन एकाच दिशेने, मध्ये भरपूर अंतर ठेवून चालणे आणि ते अंतर हळूहळू कमी करणे. पुस्तके म्हणतात, हे कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागी करा. मोहन्यात अशी जागा सापडणे अवघड आहे, कारण प्रत्येक गल्लीला तिची टोळी असते आणि कोपऱ्यावर पोचण्याआधीच चार जण भुंकत येतात. मग पारख होते ती टोळीपुढे घाबरलेल्या कुत्र्याची. म्हणून आधी एकट्याने फेरी मारून रस्ता पाहावा. पहाटेची वेळ बरी. दुपारी टोळ्या सुस्तावलेल्या असतात खऱ्या, पण डांबर पाय भाजते. एखाद्या सोसायटीचे बंद आवार तासभर मिळाले तर त्याहून उत्तम.

चालताना पाहायचे काय? वळसा घेऊन येणारे, जमीन हुंगणारे, तोंड सैल ठेवणारे, अंग झटकणारे कुत्रे बोलणी करायला तयार असते. पुढचे पाय टाकून मागचा भाग वर केला तर ते खेळायचे आमंत्रण. याउलट तोंड मिटलेले, अंग ताठ, शेपूट उंच आणि तिचे फक्त टोक थरथरते आहे, नजर समोरच्यावर खिळलेली, अशी स्थिती दिसली की अंतर वाढवावे. ‘काही करत नाही तो, शेपूट हलवतोय बघा’ हे वाक्य चावा बसण्याच्या आधी फार वेळा ऐकू येते. गुरगुरण्याला मात्र घाबरू नये. गुरगुरणे ही सूचना आहे, आणि ती ऐकून दुसरे कुत्रे मागे सरकले तर दोघांनाही भाषा येते असे समजावे. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेले कुत्रे पुढे सूचना न देता चावते. ते जास्त धोक्याचे. एका घरात दोन प्रौढ माद्या ठेवण्याचा प्रयोग नवख्या कुटुंबावर करू नये. त्यांचे बिनसले तर पुन्हा जुळणे कठीण असते. नसबंदी दोन्हीकडे आधीच झालेली असावी. माजावर आलेली मादी घरात असताना केलेली नराची पारख फुकट जाते.

मांजर आणि कोंबडी यांची गोष्ट निराळी, कारण इथे प्रश्न भांडणाचा नसतो, शिकारीचा असतो. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अमेरिकन दांपत्याने २००१ च्या आपल्या पुस्तकात शिकारीच्या पायऱ्या क्रमाने मांडल्या आहेत: हेरणे, नजर रोखणे, दबा धरून सरकणे, पाठलाग, पकड, मारणारा चावा आणि त्यापुढे फाडणे, खाणे. वेगवेगळ्या कुत्र्यांत यातल्या वेगवेगळ्या पायऱ्या ठळक किंवा पुसट झालेल्या असतात. मांजर पळाल्यावर मागे धावणारा, आणि ते थांबले की स्वतःही गोंधळून थांबणारा कुत्रा पाठलागापाशी अडतो. त्याला शिकवता येते. मांजर शांत बसलेले असतानाही जो आवाज न करता, मान खाली घालून, एकेक पाय मोजून पुढे सरकतो, त्याला मांजराच्या घरात देऊ नये. मोठ्याने भुंकणाऱ्याची तक्रार सगळे करतात. खरी काळजी या गप्प असणाऱ्याची करावी.

मांजरासाठी पारख करताना मांजर कधीही हातात धरू नये. ते उंच जागी, बाहेर पडायला वाट असलेले असावे, आणि कुत्र्याच्या गळ्यात पक्का पट्टा असावा. लांबून मांजर दिसू द्यावे आणि मग कुत्र्याला हाक मारावी किंवा नाकाशी खाऊ न्यावा. डोके वळले, खाऊ घेतला, पुन्हा मांजराकडे पाहून पुन्हा वळले, तर आशा आहे. उकडलेले चिकन नाकाला लावूनही मान हलत नसेल, कान पुढे आणि श्वास रोखलेला असेल, तर त्या दिवसापुरते थांबावे. काही दिवसांनी पुन्हा पाहावे. तीनदा वेगवेगळ्या दिवशी तेच दिसले तर उत्तर मिळालेले असते. मांजराचेही मत असते आणि ते विचारले जात नाही. कुत्रे घरात आल्यापासून ज्याने खाणे सोडले, वाळूच्या ट्रेबाहेर घाण सुरू केली, जे माळ्यावरून उतरत नाही, त्या मांजराला कुणी चावले नसले तरी जोडी जमलेली नाही.

कोंबड्यांच्या बाबतीत मत अधिक सावध ठेवावे लागते. मांजर पंजा मारून कुत्र्याला मर्यादा शिकवते, कोंबडी फक्त फडफडते, आणि ती फडफडच कुत्र्याला चेतवते. जाळीमागच्या कोंबड्यांकडे दुर्लक्ष करणारे कुत्रे मोकळ्या कोंबडीकडेही करीलच असे नाही. शिवाय नुकसान फक्त घरचे नसते. गावठाणात शेजाऱ्याची कोंबडी मेली की भरपाई द्यावी लागते, बोलाचाली होते आणि शेवटी काठी कुत्र्याच्या पाठीत बसते. ज्या घरासमोर शेजारच्या कोंबड्या मोकळ्या चरतात आणि दार दिवसभर उघडे असते, तिथे कोंबड्यांत न वाढलेले प्रौढ कुत्रे देऊ नये. शेळ्यांशी बहुतेक कुत्री जमवून घेतात, मोठी शेळी शिंग दाखवते. जपायचे ते करडांना. पिंजऱ्यात देशी पोपट असलेली घरेही भेटतात. तिथे कुत्र्याआधी पोपटाचा विषय निघतो, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळताच येत नाही.

खाण्यावरून होणारी भांडणे सर्वांत सामान्य आणि टाळायला सर्वांत सोपी. उपाशी राहिलेले कुत्रे ताटलीवर ताठ होते, भराभर गिळते, कुणी जवळ आले की डोळ्यांचे पांढरे दाखवते. रविवारी माशांची मुंडकी एका परातीत टाकून सगळ्या जनावरांना बोलावण्याची पद्धत असलेल्या घरात असे कुत्रे गेले तर पहिल्याच रविवारी टाके घालायची वेळ येते. वेगळ्या ताटल्या, वेगळे कोपरे आणि खाऊन झाल्यावर भांडी उचलणे एवढ्याने बरेच निभावते. ताटलीत हात घालून किंवा हाड ओढून कुत्र्याचा स्वभाव पाहण्याची खोड मात्र सोडावी. गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली यांनी २०१६ साली निवाऱ्यांतल्या अशा डिवचणाऱ्या चाचण्यांचा हिशेब मांडला आणि त्यांचा निकाल नाणे उडवण्यापेक्षा सरस नसल्याचे म्हटले. कुत्र्याला नेहमीच्या व्यवहारात, चालताना, खेळताना, माणसांत वावरताना पाहणे अधिक उपयोगाचे, असा त्यांचा सल्ला. इथला अनुभव त्याला दुजोरा देतो.

वयाबद्दल लोकांचा हट्ट पिल्लाचाच असतो. ‘लहान असेल तर मांजराबरोबर वाढेल’ हे बरोबर आहे, पण अर्धे. दोन महिन्यांच्या पिल्लाकडे पाहून ते दोन वर्षांचे झाल्यावर दुसऱ्या नराशी कसे वागेल हे सांगता येत नाही. स्वभाव पक्का व्हायला दीड ते तीन वर्षे लागतात. शिवाय पिल्लू घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या शेपटीला दिवसभर लोंबकळते, आणि सांधे दुखणाऱ्या त्या जीवाला पळायला जागा नसते. घरात वयस्क प्राणी असेल तर तीन-चार वर्षांचे, गल्लीत माहीत असलेले कुत्रे ही जास्त खात्रीची निवड. अशी कुत्री मागायला मात्र क्वचितच कुणी येते.

आता घराची पारख. ती घरी जाऊनच होते. फोनवर प्रत्येक घर मोठे असते. पहिला प्रश्न दारांचा. मुख्य दार आणि आतली खोली यांच्यात बंद होणारे एक तरी दार किंवा पक्की जाळी आहे का? चाळीत ते नसते, म्हणून अशा ठिकाणी लहान मुलांसाठी मिळणारे आडवे फाटक, किंवा सुताराकडून करून घेतलेली कंबरेएवढी जाळीची चौकट उपयोगी पडते. मांजराला कपाटाच्या माथ्यावर किंवा माळ्यावर जागा आहे का, आणि तिथे त्याची ताटली ठेवायची तयारी आहे का? दिवसभर घरी कोण असते? घरातल्या सर्वांना हे हवे आहे का, की एकट्या मुलाला? दार कोण उघडे टाकते? ज्या घरात आजी ‘मी बघते, काळजी करू नका’ म्हणते आणि खरोखर दार लावते, ते एका खोलीचे घरही चालते. तीन शयनगृहांच्या ज्या घरात प्रत्येक जण दुसऱ्याने दार लावले असेल असे धरतो, ते चालत नाही. दिखाऊ ऐसपैसपणाला भुलून दिलेली कुत्री परत येतात, हे या कामातल्या जुन्या माणसांचे ठाम मत आहे.

सगळे जुळले तरी कुत्रे लगेच कायमचे देऊ नये. निदान महिनाभर ते तात्पुरते ठेवून पाहावे, आणि तसे लिहून घ्यावे. या काळात कुत्रे आणि घरातले प्राणी माणसाच्या नजरेआड एकत्र राहणार नाहीत, रात्री वेगळे झोपतील, बाहेर जाताना मधले फाटक लागेल, एवढे पाळायचे. पहिले काही दिवस पट्टा अंगावर असू द्यावा, म्हणजे धरायला अंगावर झेप घ्यावी लागत नाही. झुंज लागलीच तर मध्ये हात घालू नये. पाण्याची बादली, पातेल्यांचा आवाज किंवा मध्ये सरकवलेली फळी वापरावी. चावा माणसाला बसला तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवून त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा, कुत्रे लस दिलेले असले तरी.

महिन्यानंतर नाही जमले तर कुत्रे जिथून आणले त्या माणसाकडे किंवा संस्थेकडेच परत द्यावे, आणि देताना कोणाबरोबर काय घडले ते जसेच्या तसे सांगावे. त्या माहितीवरच त्याला दुसरे, कदाचित मांजर नसलेले, घर मिळते. परत देण्यात कमीपणा काही नाही. टिटवाळ्याच्या रस्त्याला किंवा नदीपलीकडे गाडीतून नेऊन सोडणे मात्र वेगळे. जनावराला असे उपाशी-तापाशी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.